पाच संकल्पांऐवजी सहासष्ट दिवसांचा एक नेम

प्रश्न: माझे वय ४३ आहे. मी नागपुरात सीताबर्डीतील एका बँकेत नोकरी करतो आणि मनीष नगरला राहतो. दरवर्षी १ जानेवारीला पाच आव्हाने घेतो: पहाटे पाचला उठणे, रोज दहा हजार पावले चालणे, साखर बंद करणे (दिवसाला पाच कप चहा होतो), वर्षभरात चोवीस पुस्तके वाचणे आणि रात्री मोबाइल न पाहणे. झोपायला बारा वाजतातच. संक्रांतीपर्यंत पाचही आव्हाने संपलेली असतात. यंदा २१ दिवसांचे आव्हान घ्यावे की वर्षभराचे? नोंदीसाठी ॲप वापरावे का? ऑफिसातल्या ग्रुपला सांगावे का? मुलगा दहावीत आहे, त्यालाही सोबत घ्यावे असे वाटते.

उत्तर:

तुमच्या यादीत सर्वांत आधी नजरेत भरते ती गर्दी. पाचही गोष्टी चांगल्या आहेत आणि सुटी सुटी घेतली तर प्रत्येक गोष्ट तुमच्या आवाक्यातली आहे. पण पाचही एकाच सकाळी सुरू करायच्या म्हटल्यावर त्यांपैकी एकीलाही रुजण्यापुरते लक्ष मिळत नाही. नागपुरात समुपदेशनाचे काम करताना डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अशा याद्या माझ्यासमोर नेहमी येतात. त्या घेऊन येणारी माणसे आळशी नसतात. नोकरी, घर, आईवडिलांची दुखणी हे सगळे सांभाळून वर स्वतःत काही बदल करू पाहणारी ती माणसे असतात. म्हणून आधी थेट उत्तर देते आणि मग त्यामागची कारणे सांगते. यंदा पाचांपैकी एकच आव्हान घ्या. त्याची मुदत १ जानेवारी ते ७ मार्च, म्हणजे ६६ दिवसांची ठेवा. (लीप वर्षात ती ६ मार्चला संपेल.) त्या मुदतीत आठ खाडे आधीपासूनच मंजूर करून ठेवा. आणि पहाटे उठणे सध्या बाजूला ठेवून रात्री मोबाइल दूर ठेवण्यापासून सुरुवात करा.

शेवटचा मुद्दा तुम्हाला सर्वांत कमी पटेल, म्हणून तोच आधी घेते. रात्री बाराला झोपून पहाटे पाचला उठायचे म्हणजे पाच तासांची झोप झाली. प्रौढ माणसाला नियमितपणे किमान सात तासांची झोप लागते, याबाबत निद्रातज्ज्ञांत आता फारसा मतभेद नाही. पहिले तीन-चार दिवस नव्या वर्षाच्या उत्साहावर निघून जातात. पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी डोळे मिटू लागतात, चिडचिड वाढते, जागे राहण्यासाठी एक चहा जास्त होतो आणि त्या चहात साखर असते. संध्याकाळी अंगात त्राण नसते, म्हणून चालणे राहते. रात्री पुस्तक उघडले की दुसऱ्या पानावर डुलकी लागते. पहिल्या आव्हानाने तिसरे मोडले, मग दुसरे आणि चौथे. आणि या पडझडीचे खापर तुम्ही स्वतःच्या निश्चयावर फोडता. वास्तविक उठण्याची वेळ आदल्या रात्री ठरत असते, आणि तुमच्या बाबतीत ती रात्र साडेदहा ते बारा या दीड तासात हातातून निसटते. तो दीड तास परत मिळाला तर गजर न लावताही उठण्याची वेळ हळूहळू मागे सरकेल. तो परत न मिळवता पाचचा गजर लावणे म्हणजे केवळ झोपेला कात्री लावणे होय.

त्यात आपल्या शहराची थंडी आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. दरवर्षी इतके होत नाही, पण वर्षातील सर्वांत बोचरी पहाट याच पंधरा-वीस दिवसांत असते, हे अंबाझरीवर किंवा सेमिनरी हिल्सला फिरायला जाणारा कोणीही सांगेल. जानेवारीच्या सुरुवातीला येथे सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो, तर मेच्या अखेरीस तो साडेपाचच्या सुमारास वर आलेला असतो. माणसाचे शरीर उजेडाने जागे होते. जानेवारीत पाचला उठणे म्हणजे अंधारात आणि गारठ्यात शरीराशी जवळपास दोन तास भांडणे. तेच एप्रिलमध्ये फारसे जड जात नाही, शिवाय आठनंतर ऊन चटके देऊ लागते म्हणून तेव्हा त्याची गरजही खरी असते. विदर्भात पहाटे उठण्याचा मोसम चैत्रात सुरू होतो. इंग्रजी दिनदर्शिकेच्या पहिल्या तारखेला तो ओढून आणण्याचे काही कारण नाही.

आता मुदतीबद्दल. २१ दिवसांत सवय लागते हे वाक्य इतक्या ठिकाणी छापले गेले आहे की ते कोणी सिद्ध केले असे विचारणेही उद्धटपणाचे वाटते. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान २१ दिवस तरी लागतात, असे निरीक्षण त्यांनी १९६० मध्ये नोंदवले होते. पुढे ‘किमान’ हा शब्द गळाला, रुग्ण आणि शस्त्रक्रियाही गळाल्या, आणि आकडा तेवढा उरला. सवयींवरचा प्रत्यक्ष अभ्यास युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यात ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी कृती निवडून ती १२ आठवडे रोज ठरलेल्या प्रसंगी केली. कृती आपोआप होऊ लागण्याच्या टप्प्यावर पोहोचायला मध्यम मान ६६ दिवसांचे निघाले, पण माणसामाणसांतील अंतर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होते. जेवणासोबत पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर रुजली, व्यायामाच्या सवयीला साधारण दीडपट काळ लागला. तुमच्या कामाची गोष्ट त्याच अभ्यासात आणखी एक आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय बनण्याच्या प्रक्रियेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

तेव्हा ६६ हा आकडाही मंत्रासारखा जपू नका. मी तो दोन कारणांसाठी सुचवते. एक म्हणजे २१ दिवसांत सवय अर्धवट असते आणि नेमकी तेव्हाच आव्हान संपल्याची भावना येऊन हात सैल होतो. दुसरे कारण तुमच्या नोकरीचे आहे. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात बँकेतल्या माणसाकडून ३१ तारखेपर्यंत स्वतःसाठी काही नवे होण्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. ७ मार्चला संपणारे आव्हान त्या धुमाळीच्या आधी किनाऱ्याला लागते. वर्षभराचे आव्हान मात्र मी कोणालाच देत नाही. अमेरिकेत जॉन नॉरक्रॉस यांनी १९८० च्या दशकात नववर्षाचा संकल्प केलेल्या २०० जणांचा दोन वर्षे पाठपुरावा केला होता. पहिल्या आठवड्यानंतर ७७ टक्के लोक संकल्पावर टिकून होते, दोन वर्षांनंतर १९ टक्के. ज्या वाटेवर मधला एकही मुक्काम ठरलेला नाही, त्या वाटेवर माणसे अशीच गळतात.

मुदतीचा हा हिशेब आपल्याकडे नवा नाही. आपल्या आज्या चातुर्मासात नेम धरत, तो कसा असे हे आठवून पाहा. आषाढी एकादशीला सुरुवात, कार्तिकीला समाप्ती. काय करायचे ते इतके नेमके की त्यावर वाद होऊ नये: रोज पोथीचा एक अध्याय, किंवा संध्याकाळी देवळात एक दिवा, किंवा एकभुक्त राहणे. कांदा आणि वांगे वर्ज्य असेल तर तेही चंपाषष्ठीपर्यंतच. त्या दिवशी वांग्याचे भरीत आणि रोडगे करून नेम रीतसर सोडायचा. आजारपणात, प्रवासात, सोयर-सुतकात काय करायचे, हेही आधीच ठरलेले असे, त्यामुळे खंड पडला म्हणून आजीने स्वतःला नालायक ठरवून नेम टाकून दिला, असे होत नसे. (नेम सुरू होण्याआधी कांदेनवमीला कांद्याची भजी यथेच्छ खाऊन घ्यायची सोयही होती, ३१ डिसेंबरच्या रात्रीकडे मी त्याच नजरेने पाहते आणि त्या रात्रीबद्दल कोणालाही दोष देत नाही.) त्यामागची श्रद्धा तुमची असो वा नसो, रचना मात्र उचलण्यासारखी आहे: नेमकी कृती, ठरलेला प्रसंग, सुरुवात आणि शेवटाची तारीख, खंडाचा नियम आणि उद्यापन.

तुमचा नेम मी असा लिहीन, आणि तुम्हीही तो कागदावर जवळपास याच शब्दांत लिहावा: ‘१ जानेवारी ते ७ मार्च, रोज रात्री साडेदहाला, दाराची कडी लावल्याबरोबर मी मोबाइल हॉलमधल्या प्लगला चार्जिंगला लावीन आणि त्यानंतर बेडरूममध्ये जाईन.’ यात ‘रात्री मोबाइल पाहणार नाही’ असे कुठेही म्हटलेले नाही, याकडे लक्ष द्या. स्वीडनमध्ये १,०६६ लोकांच्या नववर्ष संकल्पांचा वर्षभर मागोवा घेणारा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहीतरी करण्याचा संकल्प घेतलेल्यांपैकी ५८.९ टक्के लोकांनी वर्षाअखेर स्वतःला यशस्वी मानले, तर काहीतरी टाळण्याचा संकल्प घेतलेल्यांत हे प्रमाण ४७.१ टक्के होते. न करण्याची सवय लागत नाही, कारण न करण्याला ना वेळ असते ना जागा. चार्जर प्लगला लावणे ही मात्र हाताने करायची गोष्ट आहे आणि ती झाली की झाली. कडी लावणे हा खुणेचा प्रसंगही मी मुद्दाम घेतला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशा जर-तर स्वरूपाच्या ठरावांवर बरेच काम केले. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या इच्छेपेक्षा अशा ठरावाने काम तडीस जाण्याचे प्रमाण चांगलेच वाढते असे दिसले. घड्याळाची वेळ विसरायला होते. कडी मात्र तुम्ही रोज लावताच.

एक व्यावहारिक अडचण लगेच उभी राहील. ‘मॅडम, पण गजर मोबाइलमध्येच असतो ना जी,’ हे वाक्य मला इतक्यांदा ऐकावे लागते की त्याचे उत्तर नेमासोबतच देऊन टाकते: साधे सेलवर चालणारे गजराचे घड्याळ आणा. म्हाताऱ्या आईवडिलांचा रात्री-बेरात्री फोन येऊ शकतो ही काळजीही खरी आहे. त्यासाठी हॉलमधल्या फोनची रिंग मोठी ठेवा आणि बेडरूमचे दार उघडे ठेवा. फोन तेथे वाजला तर ऐकू येईलच. त्यावर फिरणारी चित्रे मात्र तेथून दिसणार नाहीत.

आता खाड्यांबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण माझ्या अनुभवात आव्हाने मोडतात ती बहुधा येथेच. एक दिवस चुकतो. त्या एका दिवसाने प्रत्यक्षात काहीच बिघडलेले नसते, पण ‘आता मोडलेच आहे तर मोडू दे’ असा विचार येतो आणि पुढचे दहा दिवस त्या एका दिवसाच्या नावावर जातात. टोरांटोचे पीटर हर्मन आणि जेनेट पोलिवी यांनी खाण्याच्या बाबतीत हा प्रकार वर्षानुवर्षे अभ्यासला. डाएटवर असलेल्या लोकांना प्रयोगात आधी मिल्कशेक प्यायला दिले, तर पुढ्यातले आइस्क्रीम ते कमी खाण्याऐवजी अधिकच खाऊ लागले. पथ्य आज मोडलेच आहे, तर आता हात आखडून काय मिळणार, असा तो हिशेब असतो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत एक जिलबी घेतल्यानंतर हाच हिशेब मांडला जातो.

यावर उपाय म्हणून काही जण आठवड्याला पाचच दिवसांचे लक्ष्य ठेवतात. ऐकायला ते समंजस वाटते, पण त्यात ‘आज नको, उद्यापासून’ असे म्हणायची सोय रोजच राहते. मारिसा शरीफ आणि सुझान शू यांनी २०१७ मध्ये यावर एक चांगला पर्याय तपासला: लक्ष्य सातही दिवसांचे ठेवायचे, पण अडचणीसाठी थोडे दिवस राखीव ठेवायचे. सातही दिवसांच्या कडक लक्ष्यापेक्षा आणि पाच दिवसांच्या सोप्या लक्ष्यापेक्षाही राखीव दिवसांच्या लक्ष्याने लोक अधिक टिकले. तुम्ही नोकरदार आहात, तेव्हा याला नैमित्तिक रजेसारखे समजा. सीएल खात्यात असते, ती घेतल्याने नोकरी जात नाही, पण वर्षभर पुरवायची आहे म्हणून माणूस ती उगाच उधळतही नाही. ६६ दिवसांना आठ खाडे पुरेसे आहेत. माझ्याकडे येणाऱ्यांना मी फक्त दोन अटी घालते. पहिल्या दहा दिवसांत राखीव खाडा वापरायचा नाही, आणि खाडा वापरला तर त्याच रात्री त्याची नोंद करायची, दुसऱ्या दिवशी आठवून नव्हे. आठही संपले आणि नववा पडला, तर आव्हान नापास झाले असे न मानता नेमाचे आकारमान मोठे ठरले असे माना आणि तो लहान करा. साडेदहा जमत नसेल तर सव्वाअकरा करा.

नोंदीसाठी ॲप घेऊ नका. इतर अनेक सवयींना ॲप चालेल, पण मोबाइल दूर ठेवण्याची नोंद मोबाइलवर करणे हा विनोद आहे. तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असेलच आणि त्यावर दूधवाल्याचे किंवा कामवाल्या मावशींचे खाडे कोणीतरी पेन्सिलीने मांडत असेल. त्याच चौकोनांत, वेगळ्या रंगाने, नेम झाला त्या दिवशी एक ठिपका द्या. झाला नाही त्या दिवशी ठिपक्याऐवजी कारणाचा एक शब्द लिहा. लग्न, ताप, पाहुणे, क्रिकेट, कंटाळा, जे असेल ते. कंटाळ्याला सुंदर नाव देऊ नका.

हा एक शब्द काय काम करतो, त्याचे उदाहरण देते. सक्करदऱ्याकडे राहणाऱ्या एका शिक्षिकेने संध्याकाळी शाळेतून आल्यावर अर्धा तास चालण्याचा नेम घेतला होता. महिना संपल्यावर त्या निराश होऊन आल्या, ‘माझ्यात सातत्यच नाही’ असे म्हणाल्या आणि जानेवारीचे पान माझ्यापुढे ठेवले. ठिपके भरपूर होते. मोकळ्या चौकोनांत ‘बाजार’, ‘बाजार’, ‘सर्दी’, ‘बाजार’, ‘हळदीकुंकू’, ‘बाजार’ असे शब्द होते, आणि ‘बाजार’ हा शब्द दर वेळी बुधवारच्याच रकान्यात होता. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार. आठवड्याची भाजी त्या दिवशी घ्यावी लागते, दोन पिशव्या घेऊन परत आल्यावर पुन्हा चालायला कोण जाईल? त्यांच्यात सातत्य होतेच. नेमातला बुधवार तेवढा चुकीचा बसवला होता. मग बुधवारी बाजारापर्यंत जाता-येता पायी चालणे हाच त्या दिवसाचा नेम ठरला आणि फेब्रुवारीच्या पानावर बुधवारचा रकाना भरलेला दिसला. नुसत्या फुल्या मारल्या असत्या, तर हे कधीच कळले नसते.

ऑफिसातल्या ग्रुपला सांगू नका, हे माझे स्पष्ट मत आहे. जाहीर केले की शाबासकी लगेच मिळते, अंगठे आणि टाळ्या येतात, आणि काम सुरू होण्याआधीच ते झाल्याचा आनंद अर्धामुर्धा उपभोगून होतो. पुढे खाडा पडला की तोच ग्रुप टाळावासा वाटतो. त्याऐवजी एकाच माणसाला सांगा, आणि तो माणूस रोज उपदेश करणारा नसावा. रविवारी सकाळी कालनिर्णयाचे पान पाहून ‘या आठवड्यात दोन मोकळे दिसतात, काय झालं?’ एवढेच विचारणारा असावा. तुमच्या घरी ते काम तुमच्या पत्नी करू शकतील, फक्त त्यांना पहारेकरी बनवू नका. रात्री साडेदहाला ‘अहो, मोबाइल ठेवा’ असे त्यांना म्हणावे लागले, तर तो नेम त्यांचा झाला.

त्याच ग्रुपवर दहा हजार पावलांची चुरस चालत असेल, तर त्या आकड्याचीही हकिकत सांगण्यासारखी आहे. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावाचा अर्थच दहा हजार पावले मोजणारे यंत्र असा होता. तेथून तो आकडा जगभर गेला. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी होते, आणि हा लाभ साधारण ७,५०० पावलांच्या आसपास स्थिरावला. तुमचे वय वेगळे आहे, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण दहा हजार पूर्ण झाली नाहीत म्हणून दिवस वाया गेला, हे खरे नाही, एवढे त्यातून निश्चित घ्या. चालण्याचा नेम एप्रिलसाठी ठेवा आणि पावलांऐवजी मिनिटांत मोजा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे, म्हणजे रोजची पंचवीस मिनिटे तुम्हाला किमान मर्यादा गाठून देतात. फक्त परतीच्या वाटेवर तर्री-पोह्यांचा ठेला येईल असा रस्ता निवडू नका. मी नागपूरकर आहे, त्यामुळे या विषयावर याहून कडक बोलण्याचा मला अधिकार नाही.

उरलेल्या दोन गोष्टींचे थोडक्यात. चहाचा एक चमचा म्हणजे चार ते पाच ग्रॅम साखर. पाच कपांत दोन-दोन चमचे धरले तर दिवसाची ४० ते ५० ग्रॅम चहातच जाते. दोन हजार कॅलरींच्या आहारात जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा सुमारे ५० ग्रॅम आहे, आणि तिच्या मते ती २५ ग्रॅमच्या आत असली तर अधिक चांगले. ‘साखर बंद’ असे न लिहिता ऑफिसातले दुपारचे दोन चहा बिनसाखरेचे घ्यायचे, एवढाच नेम करा. घरचा सकाळचा चहा आहे तसा राहू द्या. पुस्तकांच्या बाबतीत चोवीस हा आकडा काढून टाका, कारण तो फळाचा आकडा आहे आणि रोज काय करायचे ते सांगत नाही. तुम्ही मेट्रोने जात असाल, तर जयप्रकाश नगर ते सीताबर्डी हा छोटासा प्रवास उत्तम आहे: डब्यात बसलो की पुस्तक उघडायचे आणि दिवसाला दहा पाने वाचायची. ६६ दिवसांत ६६० पाने, म्हणजे मध्यम आकाराची तीन पुस्तके होतात.

हे नेम कधी सुरू करायचे, याबद्दल चिंता नसावी. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की नवा आठवडा, नवा महिना, नवे सत्र अशा कोणत्याही नव्या पर्वाच्या तोंडावर लोक स्वतःत बदल करण्याकडे अधिक वळतात. १ जानेवारी हे त्यांपैकी केवळ एक निमित्त आहे. मराठी घरात तर निमित्तांची रेलचेल आहे. मोबाइलचा नेम ७ मार्चला संपवा, मार्चअखेर निभावू द्या. चालणे एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सुरू करा. गुढीपाडवा त्या सुमारास आला तर पाडव्यालाच करा. चहाचा नेम आषाढी एकादशीपासून, पुस्तकांचा घटस्थापनेपासून धरता येईल. वर्षाच्या अखेरीस चार सवयी हाताशी असतील, आणि पहाटे पाचचे काय करायचे ते तेव्हा बघू. कदाचित सहा पुरेसे आहेत असे तुम्हालाच वाटेल.

तुम्ही लिहिलेले नाही, तरी एक इशारा द्यायला हवा, कारण हे उत्तर इतरही वाचतील. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण), तंबाखू आणि दारू या गोष्टी आव्हानांच्या यादीत घालू नयेत. खर्रा सोडताना होणारी तगमग ही निकोटीनच्या अवलंबित्वाची लक्षणे आहेत आणि त्यावर उपचार आहेत. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर विनामूल्य समुपदेशन मिळते. रोज बऱ्याच प्रमाणात दारू घेणाऱ्याने तर १ जानेवारीला ती एकदम बंद करणे धोक्याचे ठरू शकते. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडावी. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकार विभागात किंवा खासगी मनोविकारतज्ज्ञांकडे हे उपचार होतात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाचे कोणतेही आव्हान डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ज्यांना दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटते, कशातच मन लागत नाही, अंथरुणातून उठणेच जड जाते, त्यांनी लवकर उठण्याचा नेम करून स्वतःला आणखी एक अपयश देऊ नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

मुलाला सोबत घेऊ नका. त्याची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, नेमक्या तुमच्या ६६ दिवसांत, आणि त्याच्या वेळापत्रकावर आधीच शाळा, शिकवणी आणि तुम्ही अशा तिघांचा हात आहे. तुमचा फोन हॉलमध्ये लागलेला त्याला रोज दिसेल, तेवढे सध्या पुरे आहे. त्याने स्वतःहून आपलाही फोन तेथे ठेवला तर ठेवू द्या, कौतुकाचे भाषण करू नका. नाही ठेवला तर विचारू नका.

आणि ते घड्याळ सीताबर्डीच्या बाजारातून डिसेंबर संपण्याआधीच आणा, सेल घालून दोन रात्री वाजवून पाहा. १ जानेवारीला रात्री साडेदहाला कडी लावल्यावर गजराची सोय नाही असे लक्षात आले, तर मोबाइल पहिल्याच दिवशी उशाशी येईल.